धोंडप्पासकट वीस

पोलीस पाटील झाल्यावर शिवगंगानं वहीत पहिलं नाव लिहिलं ते स्वतःच्या नवऱ्याचं.

गुरुपादप्पाचं गावात किराणा दुकान. गुटख्याला बंदी असताना त्यानं गुळाच्या ढेपांमागं दोन पुडकी दडवून ठेवली होती. हिला नेमणुकीचा कागद मिळून आठ दिवससुद्धा झाले नव्हते. झाडताना पुडकी हाती लागली, हिनं ती दुकानाच्या ओट्यावर आणून ठेवली आणि वही उघडली. नवरा म्हणाला, अगं, घरातलं घरात मिटवू. ही म्हणाली, घरातलं घरात मिटवायचं तर सरकारनं मला वही कशाला दिली? मुखेडहून जमादार आला, त्यानं पुडकी जाळली, गुरुपादप्पाला चार माणसांत झापलं आणि जाताना हिच्याच हातचा चहा पिऊन गेला. तिचा सासरा धोंडप्पा गल्ल्यावर बसून सगळं बघत होता. तो म्हणाला, "बरं झालं. आता चोरी झाली तर ठाण्याला जायचं काम न्हाई. ठाणं घरातच भाकरी थापून राहिलंय."

हा धोंडप्पा माझा जन्माचा जोडीदार. आमचं चिंचदरा मुखेड तालुक्याच्या पार कडेला. ओढा ओलांडला की लातूर जिल्हा लागतो. पत्र्याच्या शाळेत आम्ही दोघं सातवीपर्यंत एका पट्टीवर बसलो. मी म्हशीमागं गेलो की हजेरीला माझ्या नावावर तोच 'हजर' म्हणायचा. एकदा मास्तरांनी विचारलं, दोन नावांना एकच आवाज कसा रे? तर हा म्हणाला, गुरुजी, आमचं एकाच विहिरीचं पाणी हाय. मास्तर इतके हसले की छडी मारायची राहून गेली. शाळा सुटल्यावर मी शेतात गेलो आणि तो बापाच्या दुकानात जाऊन बसला. बसला तो साठ वर्षं. कपाळाला भस्म, पाठ ताठ, एक हात गुडघ्यावर. गिऱ्हाईक असो नसो, बसणं तेच. दुरून बघितलं तर माणूस जागा आहे की डोळा लागलाय हे कळत नसे. पोरं पैज लावायची.

आता मुद्द्यावर येतो. नाहीतर आमच्या घरचे म्हणतात, आप्पा उदगीरला निघाले की किनवटमार्गे जातात.

कोरोनाचं दुसरं वर्ष. सरकारचा नियम आला, लग्नाला पंचवीस माणसं आणि मातीला वीस. शिवगंगानं तो नियम असा धरला, जसा धोंडप्पानं तराजू धरला. दुकानापुढं चुन्याचे गोल काढले. सरजाबाईच्या नातवाच्या लग्नात मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली आणि वाजंत्री वेशीतूनच परत पाठवली. सरजाबाई माझी शेजारीण, सत्तरीची बाई, नातवाच्या लग्नासाठी जीव धरून बसलेली. तिनं पंचवीस माणसांत अक्षता टाकल्या आणि ज्यांना बोलावलं नाही त्या सगळ्या भावकीच्या शिव्या पदरात घेतल्या. गाव म्हणालं, म्हातारी येडी, अन् ही पाटलीण त्याहून येडी.

त्या एप्रिलच्या शेवटाला धोंडप्पा गेला. कोरोना नव्हता, दवाखान्यात दोनदा तपासणी झाली होती. वय झालं होतं, दुपारी गल्ल्यावर बसल्या जागी गेला. ते लिंगायत, त्यांच्यात माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, नवं धोतर नेसवून बसवतात आणि बसवलेलाच समाधीला नेतात. त्यांच्याच शेतात बांधाकडेला समाधी खणली होती. भोवती बाभळीचं कुंपण, आत जायला एकच झापा. झाप्याशी शिवगंगा.

आम्ही सगळे आत अंतर राखून बसलो होतो. कुणाच्या तोंडाला मास्क, कुणाच्या रुमाल. धोंडप्पालाही मास्क होता, कारण आशाताईनं सांगितलं होतं की तपासणी कशीही असो, मास्क काढू नका. स्वामींचे मंत्र चालले होते. शिवगंगानं बोट पुढं करून डोकी मोजली. स्वतःला धरून एकोणीस. इतक्यात धोंडप्पाची लेक मंजुश्री रडत आत धावली. वीस. तिच्यामागं मोटारसायकल लावून तिचा नवरा उमाशंकर आला. उदगीरचा आडत्या, मोठ्या घरचा माणूस. जिल्ह्याची हद्द ओलांडायचा पास मिळायला सकाळ गेली होती, म्हणून उशीर झालेला.

शिवगंगानं झापा ओढून घेतला. "अण्णा, वीस झाले. पाया पडते तुमच्या, इथंच थांबा."

"वैनी, मी जावई हाय."

"म्हणून तर पाया पडले."

आमच्या मुलखात जावयाला जेवताना दुसऱ्या पंगतीला बसवलं तरी सोयरीक मोडायला येते. इथं सासऱ्याच्या मातीला तो कुंपणाबाहेर. मी उठायला पाहिजे होतं. मी उठून बाहेर गेलो असतो तर एक जागा झाली असती. मी गुडघ्यावर हात टेकून अर्धा उठलोही. पण समोर धोंडप्पा बसलेला, त्याला शेवटची मूठ टाकायला मिळावी या लोभानं परत खाली बसलो. ते माझ्या नावावर आहे, शिवगंगाच्या नाही.

उमाशंकर शेवटपर्यंत कुंपणाला लागून उभा राहिला. हातात मूठभर माती घेतली होती. सगळं आटपल्यावर ती तिथंच पायाशी सोडली आणि गाडीला किक मारली. मंजुश्रीनं घरात पाय ठेवला नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. भावजयीला एवढंच म्हणाली, "माझ्या नवऱ्याला जिथं जागा न्हाई, तिथं मला बी न्हाई." आणि गेली.

गुरुपादप्पाला एकच बहीण. बाप गेला त्याच दिवशी बहीणही गेल्यासारखी झाली.

पुढचं मला महिन्यानं कळलं, पण तुम्हांला आत्ताच सांगून टाकतो. माझ्या पोटात गोष्ट टिकत नाही. त्या संध्याकाळी शिवगंगा वहीत मातीला आलेल्यांची नावं लिहायला बसली. स्वामी, चार खांदेकरी, भावकी, मी, ती स्वतः, मंजुश्री. नावं भरली एकोणीस. तिनं पुन्हा आठवून लिहिली. पुन्हा एकोणीस. विसावा कोण, म्हणून ती डोळे मिटून ओळीनं एकेक चेहरा आठवत गेली, आणि पहिल्याच जागेवर थांबली. कपाळाला भस्म, पाठ ताठ, एक हात गुडघ्यावर. तिनं सासऱ्यालाही मोजलं होतं.

म्हणजे जावयाची जागा होती.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. सांगितलं असतं तर मंजुश्रीचं तोंड पुन्हा दिसलं नसतं, आणि गाव हसलं असतं ते वेगळंच.

मे महिन्यात नानासाहेबांच्या नातीचं लग्न झालं. नानासाहेब म्हणजे आमच्या भागाचे जुने पुढारी, चाळीस वर्षं राजकारणात, तेव्हा मंत्री. मळ्यात मांडव पडला आणि सहाशे पान उठलं. पंगतीचा फोटो दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाईलवर. उमाशंकरनं तो शिवगंगाला पाठवला, खाली एकच ओळ: इथं मोजायला कुणी नव्हतं का?

गावात तर जो तो तिला ऐकवू लागला. चुन्याच्या गोलात उभं राहायला सांगितलं की लोक म्हणत, आधी मळ्यात जाऊन गोल काढ. आठ दिवस बाई मान खाली घालून फिरली.

आणि एका सकाळी नानासाहेबांनी राजीनामा दिला.

मी दुकानापुढच्या गोलात साखरेसाठी उभा होतो. गुरुपादप्पानं मोबाईल पोत्याला टेकवून लावला होता. पडद्यावर नानासाहेब: पांढरे केस, पडलेला चेहरा, पुढं कागद नाही. मला वाटलं, आता म्हणतील कार्यकर्त्यांनी गर्दी केली, आचाऱ्यानं जास्त शिजवलं, विरोधकांचा डाव आहे. आमच्या पिढीनं हेच ऐकलं आहे. पण म्हातारा म्हणाला, "नियमाच्या कागदावर माझीही सही होती. मला आकडा ठाऊक होता. ज्यांनी वीस माणसांत आपलं माणूस पोचवलं, त्यांच्यापुढं मला खुर्चीवर बसता येत नाही." एवढं बोलून उठला.

गावात काय काय झालं म्हणून सांगू! कुणी म्हणालं नाटक आहे, सहा महिन्यांत परत येतील. कुणी म्हणालं फोटो फुटला नसता तर? तेही खरंच. विरोधी पार्टीच्या दोघांनी गेल्या दिवाळीच्या लडी शोधल्या, त्या सादळलेल्या निघाल्या, नुसत्या फुसफुसल्या. नानासाहेबांचा कार्यकर्ता सुदर्शन मात्र खरंच रडला. तासाभरात तो तीस-चाळीस पोरं घेऊन दुकानापुढं आला, राजीनामा मागं घ्या म्हणून घोषणा देत. दुकान बंद कर म्हणाला, मुखेडला रस्ता अडवायला चला म्हणाला.

शिवगंगा वही घेऊन ओट्यावर आली. म्हणाली, "सुदर्शनभाऊ, साहेबांनी खुर्ची कशापायी सोडली?"

"गर्दी केली म्हणून."

"आन् तुम्ही काय करून राहिलाव?"

सुदर्शननं मागं वळून पोरांकडं बघितलं. पोरांनी एकमेकांकडं बघितलं. मागचा एकजण हसला, मग दुसरा. मग सुदर्शन स्वतःच म्हणाला, पाच जण थांबा रे, बाकीचे घरी जा. पाच जणांनी पाच गोलांत उभं राहून घोषणा दिल्या. असा निषेध मी जन्मात बघितला नव्हता. मी तर साखर विसरलो.

तेवढ्यात काठी टेकत सरजाबाई आली. तिला वाटलं, साहेब गेले म्हणजे वारलेच. खरं कळल्यावर ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि दोन्ही हात कपाळाला लावून म्हणाली, "उपकार झाले बाबाचे. मी पंचवीस माणसांत नातवाचं लगीन लावलं, तर मला येडी म्हणले. आज मी येडी न्हाई." त्या पायरीपुढं तिला येडी म्हणणारे चौघे तरी उभे होते.

लोक पांगल्यावर शिवगंगा आमच्या घरी आली. उंबऱ्याबाहेरच बसली आणि एकोणीस नावांची गोष्ट मला सांगितली. मी हबकलो. मग शहाणपणा शिकवायला लागलो. म्हटलं, पोरी, झालं ते मातीआड झालं. उमाशंकर नियमावर चिडलाय, आज त्याचा रागही निवला असेल. आता तू चुकलीस म्हणून सांगशील तर विझत आलेल्या चुलीत कापसाच्या वाळक्या पळकाट्या घातल्यागत होईल. गप राहा. वहीत कुणी बघणार नाही.

ती म्हणाली, "आप्पा, नानासाहेबांनी नियम जाणून मोडला, मी नेणून. पर त्यांनी सगळ्यांम्होरं सांगितलं आन् मी महिनाभर दडवलं. मग मोठा गुन्हा कुणाचा?"

असलं गणित आमच्या शाळेत नव्हतं. मला फक्त सातवीपर्यंतचं येतं.

जून लागला, रस्ते खुले झाले. गुरुपादप्पाला तिनं सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला की मला नेऊ नको, बहिणीनं दार लावलेलं मला बघवणार न्हाई. मग मी निघालो तिच्यासंगं, एस. टी.नं. वाटेत तिला हसवावं म्हणून धोंडप्पाच्या चार गोष्टी सांगितल्या, शाळेतल्या, मुखेडच्या बाजारातल्या. ती हूं हूं करत राहिली. पिशवीत तिनं वही आणली होती, ती मांडीवर घट्ट धरलेली.

उमाशंकरनं मला नमस्कार केला, लोड दिला, पाणी मागवलं. तिच्याकडं बघितलं नाही. मंजुश्री आतल्या दाराशी चौकट धरून उभी. चहा आला तो माझ्या एकट्यापुरता. मग त्यानं बोलायला सुरुवात केली, माझ्याकडं बघून, पण तिच्यासाठी. म्हणाला, आप्पा, नानासाहेबांनी केलं ते मला पटलं. मी त्यांच्या पंगतीला होतो, खोटं कशाला बोलू. जिलेबी खाताना वाटलं नाही काही, पण ते बोलले तेव्हा खाल्लेलं आठवलं. नियम नियम असतो, हे मी आता कबूल करतो. वैनीचं चुकलं नाही, असंच मी हिला सांगायलोय.

झालं! मी मनात म्हटलं, सुटलो. मी शिवगंगाचा पदर मागून हळूच ओढला. आता बोलू नको, आपोआप निवळलं आहे, उठू या.

ती बोलली. वही उघडून त्याच्यापुढं ठेवली. "चुकलं अण्णा. नावं मोजा. एकोणीस हाईत. मी मामांना धरून वीस मोजले."

उमाशंकरनं ओळीवर बोट ठेवत नावं मोजली. "म्हणजे माझी जागा होती."

"व्हती."

"आन् तुला कधी कळलं?"

"त्याच संध्याकाळी."

त्याचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. तो उठला आणि आत निघून गेला. मी चहाकडं बघत बसलो. वर साय धरली होती.

मंजुश्री दारातून पुढं आली, वहिनीसमोर जमिनीवर बसली. "वैनी, बाबांना कसं काय मोजलंस गं?"

"दुकानात बसायचे तसेच बसले व्हते, वन्सं. बोट त्यांच्यावरून तसंच पुढं गेलं, अडलंच न्हाई. ते गेलेत हे माझ्या बोटाला ठाऊकच नव्हतं."

मंजुश्रीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "मी पळत आत आले तवा डोक्यावर पदर नव्हता. बाबा बघतील म्हणून मी आधी पदर घेतला." आणि दोघी एकमेकींना धरून रडायला लागल्या. सव्वा महिना दोघींनी दोन गावांत रडायचं राखून ठेवलं होतं, ते एका जागी निघालं.

उमाशंकर आतून आला तो तोंड धुऊन. डोळे लाल. खुर्चीवर बसला, माझ्याकडं बघून म्हणाला, "आप्पा, बारा वर्षं सासऱ्यानं दर सणाला मला काही ना काही दिलं. जाताना मात्र माझी जागा घेऊन गेले."

आणि हसायला लागला. हसता हसता त्याला पुन्हा रडू आलं. मग तो आत बघून म्हणाला, "अगं, वैनीला चहा आण की. की तिला बी कुंपणाबाहेर ठेवतीस?"

मी खूप लग्नं, बारशी बघितली आहेत. पण त्या दुपारच्या चहाइतका गोड चहा मला आठवत नाही, आणि मला तर डॉक्टरनं बिनसाखरेचा सांगितलेला.

घरी आल्यावर मी नानासाहेबांना पोस्टकार्ड टाकलं. लिहिलं की साहेब, आपण खुर्ची सोडल्यामुळं आमच्या गावची एक लेक माहेरी येणार आहे, कसं ते पुन्हा कधी सांगेन, पण उपकार झाले. टाकायच्या आधी सुदर्शननं ते वाचलं आणि विचारलं, आप्पा, हे अभिनंदन हाय का दुखवटा? म्हटलं, बाबा, दोन्हीला एकच कार्ड पुरतं. उत्तर काही आलं नाही. राजीनाम्यानंतर त्यांना पोत्यानं कार्डं आली म्हणे, निम्मी शिव्यांची. माझं वाचलं असेल तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं असेल.

पुढच्या सोमवारी मंजुश्री आणि उमाशंकर आले. गुरुपादप्पा वेशीपर्यंत सामोरा गेला. आम्ही सगळे शेतात गेलो. उमाशंकरनं समाधीवर बेलाचं पान ठेवलं आणि मूठभर माती वाहिली. मी या वेळी कुंपणाबाहेर थांबलो. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच बरं वाटलं.

जेवणं झाल्यावर तो ओट्यावर येऊन बसला आणि शिवगंगाला म्हणाला, "वैनी, ती वही आणा. त्या पानावर एक जागा मोकळी हाय ना? विसावं नाव माझं लिहून टाका. हिशेब पुरा होईल."

सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. मंजुश्रीनं, नवऱ्यानं, मीही. एवढं नाव लिहिलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? मी तर पेन काढून पुढं केलं.

शिवगंगानं वही छातीशी धरली. "अण्णा, तुम्ही त्या दिवशी आत आलाच न्हाईत. कसं लिहू?"

मी पेन हळूच मागं घेतलं. पण उमाशंकर इतका मोठ्यानं हसला की समोरच्या घरातून सरजाबाई काय झालं म्हणून बाहेर आली. तो गुरुपादप्पाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मेव्हणं, तुमचं अवघड हाय."

शिवगंगानं नवं पान काढलं, त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिलं: उदगीरचे उमाशंकर व मंजुश्री येऊन धोंडप्पांना माती देऊन गेले. मंजुश्रीनं वाकून वाचलं आणि म्हणाली, "वैनी, 'देऊन गेले' खोड. आम्ही आठ दिवस राहणार हाव."

ते दोन शब्द तिनं खोडले.